पेटीतलं वाचतं

लातूरला मी ज्या क्लासमध्ये काम करते तिथे माझं एक काउंटर आहे. पोरांनी शंका घेऊन यायचं आणि मी ती सोडवायची, एवढंच काम. पोरांच्या मागे पालकही येतात. या बाईला कॉम्प्युटरमधलं कळतं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून जाता जाता विचारतात, "मॅडम, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घ्यावा?" मग मी सांगते. चकाकी बघू नका, जाडी बघा. हवा बाहेर टाकायच्या फटी कुठे आहेत ते बघा. ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का विचारा, मेमरी पुढे वाढवता येते का विचारा, आणि दुकानदार 'एकदम स्लिम आहे' म्हणाला की उठून या. निवडायचं सगळं मला तोंडपाठ आहे. जपायचा कसा, असं विचारलं की मी पुढच्या पोराची वही ओढते.

मी भूकंपानंतरची. किल्लारीच्या बाजूला आमच्या गावात वय असंच सांगतात. हा भूकंपाआधीचा, ती नंतरची. साल कुणी विचारत नाही. माझ्या आधी आईअप्पांना एक मुलगी होती. ती आधीची, आणि ती त्यातच राहिली. आई कधीतरी 'तुझी ताई' असं म्हणायची. अप्पा तेवढंही म्हणत नसत. आणखी एक शब्द आमच्याकडे जपून वापरतात. 'भूकंप' म्हणजे ती एकच रात्र. त्यानंतर जमीन जितक्या वेळा हलली, गुरगुरली, त्याला आम्ही नुसतं 'आवाज' म्हणतो. आज सकाळी आवाज झाला, परवा दोन आवाज झाले. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणाच्या घरी भांडण झालं असेल.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नव्या गावठाणात आम्हाला स्लॅबच्या दोन खोल्या मिळाल्या. त्यात अप्पा एक रात्रही झोपले नाहीत. अंगणात त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं आणि उन्हाळा असो की हिवाळा, तिथेच पथारी टाकली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली मांजरही बसत नसे. शेडमध्ये खाटेला लागून एक मोठी लोखंडी पेटी होती, आईच्या लग्नातली. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छपराच्या, ढिगाऱ्याखालून ती निघाली तेव्हा वरून चेपली होती, पण आतलं सगळं शाबूत. शालू, तांब्याभांडं, अप्पांचं डी.एड.चं सर्टिफिकेट, आणि एक हातातला आरसा. आरशाला साधा तडा नव्हता. अप्पा हे ज्याला त्याला सांगत. "भिंतीला ठेवलेलं जातं. माळवदाखालचं जातं. पेटीतलं वाचतं." आमच्या घरातली प्रत्येक मोलाची वस्तू, विम्याच्या कागदापासून माझ्या दहावीच्या मार्कमेमोपर्यंत, त्या पेटीत जायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. दुसऱ्यांच्या घरी कपाटं होती, आमच्याकडे पेटी होती.

पुढे मेडिकलच्या क्लासेससाठी लातूरचं नाव झालं, मग नांदेडचंही झालं. गावोगावची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन डॉक्टर व्हायला येऊ लागली. मीही गेले. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही, म्हणून पुन्हा बसले. आमच्याकडे अशा पोरांना 'रिपीटर' म्हणतात. त्यांची बॅच वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेसवाल्या मावशीची त्यांच्याकडे बघायची नजरसुद्धा वेगळी. दुसऱ्यांदाही लागला नाही. त्याच वर्षी आई गेली. मग गावातल्या बायका माझ्या तोंडावरच 'गुरुजींची रिपीटर' म्हणू लागल्या. एखादा रोग अंगाला चिकटला की नावालाही चिकटतो, तसं ते झालं. मला त्याचा संताप यायचा, अजून येतो.

नांदेडला बी.एस्सी. करताना मी अ‍ॅनिमेशन शिकले. जीवशास्त्र मला येत होतंच. नुसती परीक्षा येत नव्हती. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, मूत्रपिंडातून रक्त कसं गाळून निघतं, हे पडद्यावर हलतं दाखवायचं. मी बनवलेला एक धडा नांदेडच्या एका क्लासच्या सरांनी बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे तर लई भारी करून राहिलात. असा अख्खा सिलॅबस करा. जूनच्या बॅचच्या आत द्या. झालं तर आपल्या स्टुडिओत तुमची खुर्ची पक्की." त्या सरांचा क्लास नांदेडला आणि लातूरला, दोन्हीकडे होता. खुर्ची पक्की, हे दोन शब्द मी बसमध्ये घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. डॉक्टर नाही झाले, पण डॉक्टर होणारी पोरं माझ्याकडून शिकतील. 'रिपीटर' हा शब्द माझ्या नावावरून जाईल. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण हे काम साध्या यंत्राचं नव्हतं. आपण हृदय बनवलं तरी ते पडद्यावर धडधडावं म्हणून यंत्राला एकेक चित्र रंगवून काढावं लागतं. त्याला रेंडर म्हणतात. माझा जुना लॅपटॉप एका धड्याला रात्र-दिवस घ्यायचा आणि मध्येच मान टाकायचा. घरी बसवायचा मोठा कॉम्प्युटर स्वस्त पडला असता, पण मी आज नांदेड, उद्या लातूर, परवा गावी अप्पांकडे. यंत्र माझ्याबरोबर हिंडायला हवं होतं. अप्पांना मी हे सांगितलं. त्यांनी निवृत्तीचे पैसे आले होते त्यातले काढले. फक्त, "तुझं काम होईल ना त्याच्यानं?" एवढं विचारलं. मी हो म्हणाले.

दुकान नांदेडला होतं. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंच नाही, अप्पांना विचारलं, "पोरासाठी का काका? गेमिंगवाला दाखवू?" मी म्हणाले, "माझ्यासाठी. आणि ते चपटं पुढे करू नका." तो एकेक चकचकीत तुकडा काढत गेला, मी एकेक नाकारत गेले. पडदा आरशासारखा चमकणारा नको, त्यात रंग खरे दिसत नाहीत. पंखे दोन हवेत. मागची फट रुंद हवी. शेवटी एक मिळाला. काळा, जाड, पाटासारखा, वजनाने पोतं, आणि चार्जर म्हणजे भाजलेली वीट. बघताक्षणी मला तो आवडला. मुलगी बघायला गेल्यावर घरच्यांना जी आवडत नाही आणि काम मात्र तीच सगळं करते, तसलं ते यंत्र होतं.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला. "पडलं तर?"

"पडू द्यायचं नाही, काका," दुकानदार हसला.

"तसं न्हाई. याच्यावर काई पडलं तर?"

दुकानदाराला ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी पावती करायला सांगितली.

घरी आणल्यावर अप्पांनी अंघोळ करून पूजा आटोपली आणि झाकणावर भस्माचे तीन पट्टे ओढले. मी ओरडले, "अप्पा, राख आत जाईल की!" त्यांनी ओशाळून धोतराच्या सोग्याने पुसलं. कडेच्या खाचेत थोडी पांढरी रेघ राहिली ती राहिलीच.

मग सुरू झालं जपणं. मी त्या यंत्राचं जेवढं केलं तेवढं कुणी तान्ह्या लेकराचं केलं नसेल. कंपनीची बॅग मी वापरली नाही. ती लांबूनच चोराला बोलावते. जुन्या दुलईचा तुकडा कापून खोळ शिवली आणि ती रेक्झिनच्या बाजाराच्या पिशवीत घातली, वर मेथीची जुडी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असं लातूरपर्यंत एसटीत ती पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणायचा, "वर ठेवा की बाई, रॅक रिकामी हाय." मी म्हणायचे, "मेथी चुरगळते." खड्डा आला की मी स्वतः आधी उचलली जायचे आणि पिशवी हातांवर झेलायचे. एका म्हातारीने तर विचारलं, "बाळ झोपलंय का ग माय?" मी हो म्हणाले. वादच मिटला.

घरी त्याला पोळपाटावर ठेवायचे, खालून हवा जावी म्हणून. पोळ्या ताटावर लाटायचे. त्या वर्षी पाण्याचे हाल होते, टँकर आला तर आला, त्यामुळे कूलर कोरडा पडला होता. एका अर्थी बरंच, दमट हवा यंत्राला चालत नाही. स्लॅबची खोली त्यातल्या त्यात गार म्हणून टेबल तिथेच लावलं. लाइट गेली तरी तग धरावा म्हणून बॅटरी भरलेली ठेवायचे. झाकण लावलं तरी काम थांबू नये अशी सोयही मी त्यात करून ठेवली होती, कारण रेंडर चालू असताना कधी या खोलीतून त्या खोलीत न्यावं लागे आणि काम अर्ध्यात तुटलं की सगळं पहिल्यापासून.

मे महिना उजाडला तेव्हा काम शेवटाला आलं होतं. सगळे धडे तयार, फक्त शेवटचा मोठा गठ्ठा रंगवून निघायचा होता. तो मी सकाळी लावला आणि लातूरला निघाले, धड्यांना माझा आवाज भरायला. सरही नांदेडहून त्यासाठी येणार होते. निघताना अप्पांना खोलीच्या दारात उभं करून टेबल दाखवलं.

"अप्पा, हे काम करायलंय. याला बंद करायचं नाही. वायर काढायची नाही. काही झालं तरी हे थांबलं नाही पाहिजे."

"न्हाई थांबू देत. तू जा."

मी लातूरला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून 'अलिंदातून रक्त निलयात येते' असं बोलत होते, तेव्हा गावात आवाज झाला. मला दुपारनंतर कळलं. पडझड काही नव्हती, लोक नेहमीसारखे अंगणात येऊन उभे राहिले होते. अप्पांचा फोन लागेना. मी सरांना सांगून औशाची जीप पकडली. सर म्हणाले, "काळजी नका करू मॅडम, फायनल फाईल घेऊनच या आता." मला अप्पांची काळजी होती. खोटं कशाला बोलू, यंत्राचीही होती. जीपमध्ये मी दोन्ही काळज्या आळीपाळीने करत होते.

अंगणात शिरले तर ऊन अजून पत्र्यावर होतं. अप्पा शेडमध्ये पेटीवर बसले होते, ताठ, वर्गात परीक्षा चालू असताना बसत तसे. सगळा सदरा घामाने चिंब. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की तसा मी पूर्वी कधी बघितला नव्हता.

"काई झालं न्हाई," ते म्हणाले. "वाचवला मी. आवाज झाला तसा आत गेलो आन् उचलून आनला."

अप्पा स्लॅबच्या खोलीत गेले होते. जमीन हलत असताना. जो माणूस त्या छपराखाली भाकरी खायलाही बसत नसे, तो.

"बंद न्हाई केला बरं का," ते पुढे म्हणाले. "तू म्हणली होतीस थांबू द्यायचं न्हाई. वायर पन काढून परत लावली."

तेव्हा मला दिसलं. खोलीतून एक्सटेन्शनची वायर अंगणात ओढलेली, शेडमध्ये आलेली, आणि पेटीच्या झाकणाखालून आत गेलेली. झाकण नीट लागावं म्हणून वायरपाशी त्यांनी चिंधी खोचली होती. धूळ जाऊ नये म्हणून. ते उठले आणि पेटी उघडली. आधी वर त्यांची घोंगडी निघाली. तिच्याखाली माझी दुलईची खोळ, बटणं लावलेली. आणि आत तो, झाकण बंद, पोटात काम चालू ठेवून. मेच्या उन्हात, पत्र्याखाली, लोखंडात, घोंगडीत. जळक्या रबराचा वास आला. मी खोळीला हात लावला आणि मागे घेतला. बॅटरी फुगून यंत्राची पाठ उचलली गेली होती. पडदा काळा. कळ दाबली, पुन्हा दाबली. काही नाही.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्या क्षणी मोठ्याने ओरडायचं होतं.

"बरं केलंत अप्पा," मी म्हणाले. "तापलाय, गार होऊ दे. मग बघू."

मी तो उचलून खोलीत नेला, दार लावलं आणि पोळपाटाजवळ फरशीवर बसून रडले. तोंडात पदर कोंबून, कारण बाहेर अप्पा शेजाऱ्याला सांगत होते, पोरीचं यंत्र कसं काढलं ते.

पुढचं सांगण्यात काही हशील नाही, पण सांगते. पुण्याच्या सर्व्हिसवाल्यांनी उघडून बघितलं आणि कळवलं की मुख्य बोर्ड गेला, ग्राफिक्स गेलं, आणि ही हाताळणीतली चूक असल्याने वॉरंटीत बसत नाही. डिस्क वाचली होती. म्हणजे माझे सगळे धडे होते, फक्त ते पेलेल असं यंत्र माझ्याकडे नव्हतं, जुना लॅपटॉप तर त्यात मान टाकायचा, आणि दुसरं घ्यायची ऐपत आमच्या घरात नव्हती. सरांनी थोडे दिवस वाट बघितली. मग म्हणाले, "मॅडम, बॅचेस तर सुरू होऊन राहिल्यात. तुम्ही फाईली द्या, हैदराबादवाल्यांकडून उरलेलं करून घेतो." वाईट माणूस नव्हता. केलेल्या कामाचे जे व्हायचे ते पैसेही दिले. हैदराबादच्या लोकांनी ते काम बघता बघता उरकलं. स्टुडिओतली खुर्ची त्यांच्याच एका मुलाला मिळाली. मला लातूरच्या शाखेत शंकांचं काउंटर मिळालं, तेही रिपीटर बॅचचं. कधी कधी हॉलमधून माझाच आवाज ऐकू येतो, अलिंदातून रक्त निलयात येते. पोरांना तो कुणाचा ते माहीत नाही. मीही सांगत नाही. सांगून काय सांगणार?

अप्पांना मी यातलं काही सांगितलं नाही. पुण्याला पाठवलाय म्हणाले. मग पार्ट यायचाय म्हणाले. मग तो पार्ट परदेशातून येतो म्हणाले. रोज संध्याकाळी माझा फोन जायचा आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आला का?" मी म्हणायचे, "येईल अप्पा." मग ते पार्टची चौकशी करायचे, तो बोटीने येतो की विमानाने, मध्ये कुणी उघडून बघतं का. मी एकेक गोष्ट रचून सांगायचे. आई गेल्यापासून आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो. खोटं बोलायला मला त्रास होत नव्हता. माझी एकच इच्छा होती, त्या दिवशी फुललेला तो चेहरा तसाच राहावा. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

वर्ष उलटून गेलं असेल. मी सुट्टीला गावी गेले होते. दुपारी शेडच्या सावलीत आम्ही शेंगा निवडत बसलो होतो. अप्पा एकदम म्हणाले, "तो येत नसतो आता, न्हाई का?"

मी म्हणाले, "पार्ट..."

"ऱ्हाऊ दे ग माय." ते शेंग फोडत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "मला त्याच दिवशी कळलं. तू खोलीत जाऊन रडलीस, ते बी कळलं."

"मग रोज कामून विचारत होता?"

"तू सांगत होतीस म्हनून."

त्यांनी दाणे वाटीत टाकले. मग, आयुष्यात पहिल्यांदा, मनातलं आपण होऊन बोलले.

"पेटीवर बसलो होतो मी. खालून गरम लागायलं होतं. जास्तच गरम लागायलं होतं. उठून बघावं वाटलं एकदा. पन मला बरं वाटायलं होतं. जित्तं हाय म्हनलं. तुझ्या ताईला काढली तवा ती गार होती."

एवढं बोलून ते उठले आणि टरफलं गोळा करून उकिरड्याकडे गेले. मी तिथेच बसून राहिले. लातूरला परत आल्यावर संध्याकाळी नेहमीसारखा फोन लावला. अप्पांनी उचलला, जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले. 'आला का?' आता उरलं नव्हतं. त्यांना विचारायचं काही नव्हतं आणि मला सांगायचं काही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनीच ठेवला.